प्रत माहितीसाठी

निवृत्तीच्या दिवशी मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. घड्याळ पंधरा मिनिटं मागे होतं. आमच्या कार्यालयात आयुष्य काढल्यावर त्यात मला काही वावगं वाटलं नाही. भाषणं झाली. एका वरिष्ठांनी मला 'पर्यावरणाचा पहारेकरी' म्हटलं. माझं नाव घेताना त्यांना हातातल्या चिठ्ठीत दोनदा बघावं लागलं, विशेषण मात्र तोंडपाठ होतं. घरी आल्यावर शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली आणि घड्याळ भाच्याला दिलं. नोकरीतली एकच वस्तू मी टेबलाच्या खणात जपून ठेवली आहे. एक कागद. ही त्या कागदाची हकिगत.

मी राज्य सरकारच्या प्रदूषण रोखणाऱ्या मंडळात क्षेत्र अधिकारी होतो. पदनाम भारदस्त आहे, पण काम म्हणजे कारखान्यांत जाऊन सांडपाण्याच्या बाटल्या भरून आणणं. माझे सासरे सुरुवातीला नातेवाइकांना 'जावई सरकारी नोकरीत आहेत' एवढंच सांगायचे. बाटल्यांचा उल्लेख आला की विषय बदलायचे. रायगडच्या किनाऱ्यावर माझी बरीच वर्षं गेली. इथे एका बाजूला रसायनांचे कारखाने, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधे भातशेती, मिठागरं आणि माणसं. त्यांच्यामधून एक जीप हिंडायची. त्या जीपमध्ये मी.

घातक कचरा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कवटीचं चित्र काढलेला डबा येतो. प्रत्यक्षात तो फार कंटाळवाणा दिसतो. काळपट चिखल, तळाशी उरलेलं डांबरासारखं काहीतरी, वापरून झालेलं द्रावण. नियम असा की हा माल पिंपात भरायचा, पिंपावर आत काय आहे ते लिहायचं, छप्पर आणि पक्की फरशी असलेल्या शेडमध्ये ठेवायचा आणि तीन महिन्यांच्या आत मान्यताप्राप्त ठिकाणी विल्हेवाटीला पाठवायचा. पाठवायला खर्च येतो. खाडी फुकट असते. आमच्या खात्याचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांभोवती फिरतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका मालकाने सांडपाण्याच्या शेवटच्या टाकीत सोनेरी मासे सोडले होते. 'साहेब, प्रयोगशाळा कशाला? हे बघा, जिवंत आहेत!' असं तो दर भेटीला सांगायचा. मासे दर भेटीला वेगळे असायचे. एकदा मी त्याला म्हटलं, 'मागच्या वेळच्या माशांना मिशा होत्या.' तो म्हणाला, 'काढल्या असतील.'

पण सांगायची आहे ती गोष्ट दुसरी. रेवदंड्याच्या अलीकडे एका लहान खाडीकाठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही, लिहिलं तर तिथले लोक म्हणतील बदनामी केली, आणि न लिहिलं तर म्हणतील विसरला. ते दुसरं परवडेल. गावाच्या हद्दीत, औद्योगिक वसाहतीच्या बाहेर, रंगासाठी लागणारी रसायनं करणारा एक कारखाना होता. त्याच्या मागून एक नाला खाजणात जायचा. खाजण म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची जमीन. त्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, मिळायच्या.

त्या तिसऱ्या गोळा करणारी चांगुणाबाई एक दिवस थेट माझ्या कार्यालयात आली. पन्नाशीची, काटक, कमरेला खोचलेलं लुगडं, हातात झाकलेली पाटी. शिपायाने अडवलं तेव्हा म्हणाली, 'साहेबाला मासली द्यायला आलंय.' शिपायाने ताबडतोब आत सोडलं. तिने पाटी माझ्या टेबलावर, फायलींवरच ठेवली.

'साहेब, नाक हाय ना तुमाला? मंग वास घ्या.'

मी घेतला. तिसऱ्यांना समुद्राचा वास असतो. यांना रंगाच्या दुकानाचा होता.

'अलिबागच्या बाजारात वाटे घेऊन बसतंय मी. गिऱ्हाईक घरी नेतं न परत घेऊन येतं. मना म्हनतं, मावशी, रॉकेलान धुतल्यास काय?' ती म्हणाली. 'आमची आईपन याच खाजनान बसायची. दुसरा काय येत नाय मना.'

मी बाटल्या, बर्फाची पेटी, सगळं सांगू लागलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'ते तुमचा तुमी बगा. मना माजा खाजन पायजे.'

तिच्यामागे दारात एक गृहस्थ उभे होते. बुशशर्ट, खिशात दोन पेनं, काखेत डायरी. गावचे ग्रामसेवक दळवी. ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात, म्हणून मीही म्हणायचो. मूळचे माणगाव तालुक्यातले. ग्रामपंचायतीचे दिवे, पाणी, दाखले आणि भांडणं हा माणूस गेली सहा वर्षं सांभाळत होता. बोलायचे अगदी हळू, जणू प्रत्येक वाक्याची पोच घ्यायची आहे.

तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं की आम्ही दोघं मिळूनच एक पुरता अधिकारी होतो. कारखान्यात शिरण्याचा, नमुना घेण्याचा, बंदचा प्रस्ताव पाठवण्याचा अधिकार माझ्याकडे, पण मी महिन्यातून एकदा येणार आणि माझी जीप फाट्यावर वळली की चहावाला कारखान्यात फोन करणार. भाऊसाहेबांना नाल्याचं पाणी कोणत्या वारी कोणत्या रंगाचं असतं ते ठाऊक, पण त्यांना गेटच्या आत जाऊन बाटली भरण्याचा अधिकार नाही. सरकारी भाषेत याला समन्वय म्हणतात. समन्वयासाठी समिती लागते, आणि समितीसाठी पत्र.

तेव्हा ठरलं : मंडळ, तहसील कार्यालय, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांची संयुक्त, आकस्मिक पाहणी. मी पत्राचा मसुदा केला, आमच्या लिपिकाने तो टाइप केला, मी सही केली.

ठरल्या दिवशी पाच गाड्या कारखान्याच्या गेटशी थांबल्या. गेटवरच्या फळ्यावर, जिथे एरवी 'सुरक्षा प्रथम' लिहिलेलं असायचं, तिथे रंगीत खडूने लिहिलं होतं : 'आकस्मिक पाहणी समितीचे सहर्ष स्वागत.' बाजूला कमळाचं फूल काढलं होतं. व्यवस्थापक पुष्पगुच्छ घेऊन उभे होते, आणि गुच्छ मोजून पाच होते.

आवार आरशासारखं लख्ख. नाला कोरडा आणि धुतलेला. कचऱ्याच्या शेडमध्ये चार पिंपं, चारींवर नवीकोरी लेबलं. गोदामात रिकाम्या गोण्यांची व्यवस्थित थप्पी. नायब तहसीलदारांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती झाली आणि ते दोनशे तरी बोलले. काजूकतली होती. मी नाल्यातून बाटली भरायला गेलो तर भरण्यासारखं काही नव्हतं.

परत निघालो तेव्हा गेटच्या बाहेर चांगुणाबाई उभी होती. पाटी जमिनीवर, या वेळी उघडी. तिसऱ्या सगळ्या वासलेल्या होत्या. मेलेली तिसरी तोंड उघडते आणि पुन्हा मिटत नाही.

'काल सांजच्याला भरतीन सोडला त्यांनी,' ती म्हणाली. 'पांढरा फेस आलता गुडघाभर. आज सकाली गेलू तं ह्या. सगल्या ह्या. एक जित्ती नाय.'

गाड्यांमधली मंडळी घड्याळं बघत होती. माझ्या हातात पुष्पगुच्छ होता. तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

कार्यालयात परतल्यावर मी पत्राची स्थळप्रत, म्हणजे आमच्या फायलीत राहणारी प्रत, काढली. सरकारी पत्र सहीपाशी संपत नाही. सहीच्या खाली लिहिलेलं असतं, 'प्रत माहितीसाठी', आणि त्याखाली क्रमाने नावं. ही यादी कोणी रचत नाही. ती मागच्या पत्रातून पुढच्या पत्रात वाहत येते. लिपिकाने त्याच कारखान्याला पूर्वी पाठवलेल्या एका पत्रावरून नमुना घेतला होता. क्रमांक एक तहसीलदार, दोन गटविकास अधिकारी, तीन ग्रामपंचायत. क्रमांक चार : व्यवस्थापक, सदर कारखाना.

आकस्मिक पाहणी कोणत्या तारखेला, किती वाजता आणि किती जण येणार, ते आम्ही कारखान्याला माहितीसाठी कळवलं होतं. रजिस्टर पोस्टाने. लिपिकाला बोलण्यात अर्थ नव्हता. खाली सही माझी होती. मजकूर मी वाचला होता, यादी नाही. यादी कोण वाचतं?

दुसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. ते डायरी मिटून शांतपणे म्हणाले, 'हो. चौथा क्रमांक बघितला होता मी. आमच्याकडेही प्रत आली ना.'

'मग बोलला का नाहीत?'

'मला वाटलं, वरची तशी पद्धत असेल.'

मी या वाक्यावर पुढे बरीच वर्षं विचार केला आहे. खालच्या कार्यालयाचा वरच्या कार्यालयाच्या शहाणपणावर इतका विश्वास असू नये. पण त्या दिवशी हिशेब एवढाच होता. चूक माझी, गप्प राहणं त्यांचं, आणि खाजण चांगुणाबाईचं.

भाऊसाहेब डायरी पुन्हा उघडत म्हणाले, 'साहेब, ते गोदाम. काल भाषण चालू होतं तेव्हा मला काही काम नव्हतं, म्हणून आतून खिडक्या मोजल्या. दहा भरल्या.'

'मग?'

त्यांनी कपाटातून घरपट्टीच्या आकारणीचं रजिस्टर काढलं. गावातल्या प्रत्येक इमारतीची लांबी, रुंदी, दारं, खिडक्या त्यात असतात. कारखान्याच्या गोदामासमोर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : खिडक्या बारा.

'फेरआकारणी पुढच्या वर्षी आहे,' ते म्हणाले. 'पण लवकर सुरू करू नये असं नियमात कुठे नाही. इमारत मोजायला मला कोणी अडवू शकत नाही. फक्त आमचा काशिनाथ रजेवर आहे. फितीचं दुसरं टोक धरायला माणूस नाही.'

काशिनाथ म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई. तो त्या क्षणी बाहेर अंगणात नळाची तोटी बदलत होता. मला दिसत होता. मी म्हटलं, 'मी धरतो.'

या मोहिमेचा एकही कागद झाला नाही. मी जीप कार्यालयात ठेवली, एस.टी.ने आलो, फाट्याच्या एक थांबा आधी उतरलो आणि बांधावरून चालत गेलो. पिशवीत बाटल्या, लाख, मेणबत्ती, काडेपेटी आणि शिक्का. दुपारी तीनच्या सुमारास आम्ही गेटवर पोचलो. भाऊसाहेबांनी आकारणीचं रजिस्टर दाखवलं. व्यवस्थापक बाहेर आले, मला बघून थबकले, मग माझ्या हातातल्या फितीकडे बघून मोकळे हसले.

'काय साहेब, मंडळाने ग्रामपंचायतीकडे वर्ग केलं की काय?'

'शिपाई रजेवर आहे यांचा,' मी म्हटलं.

'धरा, धरा. नीट धरा. अर्ध्या फुटाचा कर उगाच नको आम्हाला.'

भाऊसाहेबांची फीत कापडी होती आणि तिचा पहिला फूट झिजून पांढरा झाला होता. म्हणून ते एकच्या आकड्यापासून मोजायचे आणि शेवटी एक वजा करायचे. हे त्यांनी मला दोनदा समजावलं, मी नवा शिपाई असल्यासारखं. आधी बाहेरून. भिंतीच्या कडेने, करवंदीच्या जाळीतून, मी वाकून टोक धरलं होतं आणि ते 'जरा ताणा... फार ताणू नका' म्हणत पुढे सरकत होते. बाहेरून लांबी भरली एकशे वीस फूट. मग आतून. व्यवस्थापक दारात उभं राहून फोनवर बोलत होते. आतून भरली एकशे चार.

भाऊसाहेबांनी डायरीत वजाबाकी मांडली, पेन खिशात ठेवलं आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, 'दोन्ही भिंती मिळून दीड फूट धरले, तरी साडेचौदा फूट उरतात. एवढी जाड भिंत घालायचं काय कारण, साहेब? रेवदंड्याच्या किल्ल्याचीही नाही.'

व्यवस्थापकांनी फोन खाली घेतला.

गोण्यांची थप्पी मीच ढकलली. मागे पत्र्याचा पडदा, त्यावर भिंतीच्याच रंगाचा हात मारलेला. पत्रा बाजूला केला आणि तो वास आला, माझ्या टेबलावरच्या पाटीतला. पिंपांवर पिंपं. पातळ होतं ते त्यांनी पाहणीच्या आदल्या दिवशी नाल्यात सोडलं होतं. घट्ट होतं ते इथे कोंबलं होतं.

आता माझं राज्य सुरू झालं. बाटल्या भरल्या, मेणबत्तीवर लाख वितळवली. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एरवी कारखान्याचाच सुरक्षा रक्षक आणि कँटीनवाला पंच असतात, आणि खटल्यात दोघांनाही काही आठवत नाही. भाऊसाहेब म्हणाले, 'पंच मी आणतो.' दहा मिनिटांत ते दोघांना घेऊन आले. एक चांगुणाबाई. दुसरा काशिनाथ.

'रजा संपली वाटतं,' व्यवस्थापक म्हणाले.

'आत्ताच,' काशिनाथ म्हणाला.

मी पंचनामा वाचून दाखवू लागलो. चांगुणाबाई मधेच थांबवायची. 'उग्र वासाचा चिकट पदार्थ' हे तिला पसंत पडलं नाही. 'तिसऱ्यांना येतो तोच वास, असा लिवा.' मी लिहिलं. माझ्या सगळ्या नोकरीत शास्त्रीयदृष्ट्या याहून अचूक ओळ मी पंचनाम्यात लिहिलेली नाही. सही करायला तिने पेन घेतलं आणि तसंच धरून मला विचारलं :

'त्या दिवशी तुमी येनार म्हनून यांना कोनी सांगितला?'

भाऊसाहेब छताकडे बघू लागले. मला सांगता आलं असतं की चौकशी चालू आहे. ते वाक्य आमच्याकडे तयारच असतं.

'मी,' मी म्हटलं. 'कागदाने. चुकून.'

तिने पंचनामा स्वतःकडे ओढला. मग मान खाली घालून एकेक अक्षर जोडत तिने सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं.

'मंग त्या कागदाला सांगा माज्या तिसऱ्या आनून द्यायला,' ती म्हणाली. 'येतील त्या दिवशी मी निरोप धाडीन. तवर मना तोंड नका दाखवू.'

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यात झालं नाही. कारखान्याला बंदचा आदेश निघाला. पिंपं माझ्या समोर मोजून ट्रकमध्ये चढली आणि योग्य ठिकाणी गेली. खटला उभा राहिला आणि माझी बदली झाल्यावरही उभाच होता. कारखाना वर्षभराने खरीखुरी शेड बांधून पुन्हा सुरू झाला. वरिष्ठांनी माझ्या टिपणीवर 'उत्तम समन्वय' असा शेरा मारला आणि त्याची प्रत, माहितीसाठी, सहा जणांना गेली. त्यात ग्रामपंचायत नव्हती.

खाजणातल्या चिखलाचे नमुने घ्यायला मी जात राहिलो, पण चांगुणाबाई समोर येत नसे. ती रेवदंड्याला मासळी वाळवायच्या रोजंदारीवर जाते, असं भाऊसाहेबांनी सांगितलं. ओहोटीला खाजण मोकळं पडलेलं असायचं, बगळेसुद्धा कमी. प्रयोगशाळेचे आकडे हळूहळू सुधारत होते. मला ते आकडे घेऊन तिच्याकडे जावंसं वाटायचं, पण तिने आकडे मागितले नव्हते. मग माझी विदर्भात बदली झाली, खाडीपासून जितकं लांब जाता येईल तितकं.

आताची तपासणी बघतो तेव्हा गंमत वाटते. संगणक चिठ्ठी काढतो, कोणता कारखाना, कोणता अधिकारी. फोटो जागच्या जागी चढतात. चहावाल्याला फोन करायला वेळ मिळत नाही. हे चांगलंच आहे. ग्रामसेवकांचं पदनामही आता बदललं आहे. फक्त खिडक्या मोजणारा माणूस त्या यंत्रणेत कुठे बसवला आहे, ते मला अजून सापडलेलं नाही. मला आठवतं ते करवंदीच्या जाळीतलं ते दुपारचं ऊन, फितीचं झिजलेलं टोक, आणि पलीकडून 'फार ताणू नका' म्हणणारा आवाज. राज्य शासन आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यातला समन्वय मी तेवढाच पाहिला. तो एकशे वीस फूट लांब होता.

बदलीनंतर चौथ्या वर्षी कार्यालयाच्या पत्त्यावर मला एक लिफाफा आला. ग्रामपंचायतीचं छापील पत्र, जावक क्रमांक, गोल शिक्का, सगळं रीतसर.

'विषय : तिसऱ्या आल्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमच्या हद्दीतील खाजणात काल रोजी ओहोटीस श्रीमती चांगुणाबाई यांना अंदाजे अर्धी पाटी तिसऱ्या मिळाल्या. निम्नस्वाक्षरीकर्त्याने समक्ष वास घेतला. वास नाही. सदर बाब आपणांस कळविण्यास श्रीमती चांगुणाबाई यांनी सांगितले आहे. आपण कागद पाठवू नये, स्वतः यावे, असेही त्यांचे म्हणणे आहे.'

मी रजा टाकली. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरलो आणि रिक्षाने गेलो. चांगुणाबाईने ओसरीवर पाट मांडला, ताटलीत तिसऱ्यांचं सुकं वाढलं. सवयीने मी ताटली नाकाशी नेली.

'वास काय घेता?' ती म्हणाली. 'खावा.'

भाऊसाहेब शेजारी बसून हळूहळू जेवत होते. पत्र माझ्या खिशात होतं.  परतीच्या बोटीत मी ते पुन्हा उघडलं आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं. सहीच्या आणि शिक्क्याच्या खाली, त्यांच्या त्या सावकाश अक्षरात, एक ओळ होती.

'प्रत माहितीसाठी : कोणासही नाही.'